दिवेलागणीआधीची घटका

जानेवारी लागला की संध्याकाळी निगडीच्या बसस्थानकावर भोरड्या येतात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची, साळुंकीच्या कुळातली ही पाखरं. हजारोंनी येतात, तारांवर दाटीवाटीनं बसतात, एकदम उठतात, आभाळात दोनतीन वळणं घेतात आणि खाली बसची वाट बघणाऱ्या माणसांच्या डोक्यावर खुशाल शिटतात. माणसं वैतागून वर बघतात. मी चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी राहून हसते. गुडघ्यांनी कधीच संप पुकारलाय, पण हसायला गुडघे लागत नाहीत.

"तुम्हाला पक्षी फार आवडतात वाटतं," शेजारच्या बाई परवा म्हणाल्या. त्यांना काय सांगणार? भोरड्यांचं आणि माझं नातं आवडीनिवडीचं नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका सुगीत सगळं गाव विरुद्ध उभं असताना या पाखरांनी आमची बाजू घेतली होती. तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल वाईट ऐकून घेत नाही.

यंदा ती सुगी जास्तच आठवली, कारण माझी पुतणी माधवी उत्तरेकडच्या कुठल्याशा पहाडी राष्ट्रीय उद्यानात जाऊन आली. संध्याकाळची खास फेरी, उघडी जीप, सोबत खाकी कपड्यांतला वाटाड्या. तासभर तिनं मला मोबाइलवरचे फोटो दाखवले आणि त्याहून जास्त वेळ नियम ऐकवले. "आत्या, अत्तर लावायचं नाही. भडक कपडे घालायचे नाहीत. बोलायचं नाही, खोकायचं नाही. आपल्याकडचा वारा जनावराकडे जाता कामा नये. गाइडनं बोट वर केलं की मगच त्या दिशेला बघायचं."

"बांगड्या बांधायला लावल्या का?" मी विचारलं.

"बांगड्या? त्या कशाला?"

"मग तुमचा वाटाड्या अजून कच्चा आहे," मी म्हटलं. माधवीला वाटलं म्हातारी नेहमीसारखी खोड काढतेय. खोड काढत होतेच, पण खरंही बोलत होते. मला संध्याकाळी डोंगरावर जनावरं बघायला नेणारा वाटाड्या पक्का होता. तो बाईमाणूस होता, नऊवारी लुगड्यातला, कंबरेला विळा खोचलेला. तिचं नाव ठकूबाई.

पन्नासच्या दशकाचा मध्य असेल. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला होता. निगडी म्हणजे हमरस्त्याकडेची थोडी घरं आणि बाकी उघडा माळ. चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि पडका किल्ला. तिथून दोन कोस चालत गेलं की एक गाव लागायचं आणि त्या गावात लोकल बोर्डाची एक शाळा होती. वीस वर्षांच्या मला तिथं मास्तरीण म्हणून नेमलं. मी पुण्यात वाढलेली, ट्रेनिंग कॉलेजातून निघताना दाखल्यावर "अभ्यासात हुशार, स्वभावाने किंचित आगाऊ" असा शेरा घेऊन आलेली. त्यातला "किंचित" हा शब्द मला आजही लागतो.

राहायची सोय ठकूबाईच्या घरी होती. ती चाळिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत, तरुणपणीच नवरा गेलेली. एकुलता मुलगा पिंपरीच्या कारखान्यात लागलेला, तो आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. दोन एकर जमीन ती एकटी कसायची. बोलायची थोडं, पण बोलली की समोरच्याला दुसऱ्यांदा विचारायची गरज पडायची नाही.

मी गेले ती वेळ शाळू दाण्यात यायची होती. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. आजच्या लोकांना ती हुरडा पार्टीपुरती माहीत. चाकण रस्त्याला दर हिवाळ्यात तसले फलक लागतात आणि गाड्यांतून उतरलेली माणसं शेतात उभी राहून स्वतःचेच फोटो काढतात. काढोत बापडी. पण त्या कणसाचा दाणा माणसाच्या तोंडात जाईपर्यंत कुणीतरी दिवसभर घसा फोडून त्याला राखलेलं असतं, हे त्या फलकावर लिहीत नाहीत.

राखणीचा गावात एक पक्का रिवाज होता. दिवसाची राखण बायांची, रात्रीची पुरुषांची. उजाडता उजाडता बाई माळ्यावर चढायची. माळा म्हणजे शेताच्या मध्यावर चार मेढी रोवून बांधलेलं मचाण, माणूस उभा राहील एवढंच. तिथून ती दिवसभर गोफण फिरवायची, पत्र्याचं डबडं बडवायची, ओरडायची. दिवस मावळताना घरचा पुरुष घोंगडी घेऊन आला, की तो वर आणि ती खाली. रात्री रानडुकरांची भीती, म्हणून पुरुष तिथंच झोपायचे. ठकूबाईच्या रानाची रात्रीची राखण शेजारचा गडी बघायचा. पण तो येईपर्यंत माळा रिकामा ठेवायचा नाही. अंगात ताप असो, मूल रडत असो, चालायचं नाही. मूल त्याच माळ्याखाली झोळीत टांगलेलं असायचं. शाळेत मी पाढे घ्यायची तेव्हा चारी बाजूंनी गोफणींचे फटकारे आणि डबड्यांचा ठणठणाट चाललेला असायचा. पहिले आठ दिवस माझं डोकं उठलं. नंतर त्या आवाजाची इतकी सवय झाली की तो आहे हेच कळेनासं झालं.

आणि दिवेलागणीला बाई घरात हवी. देवापाशी दिवा, चुलीवर तवा. सूर्य बुडाल्यापासून दिवे लागेपर्यंत जी घटकाभर वेळ उरायची तिच्यात बाया सरपण गोळा करायच्या, शेरडांना पाला आणायच्या, ओढ्यावरून घागर भरायच्या. त्या घटकेवर तसा कुणाचाच हक्क नव्हता, म्हणून सगळ्यांचाच होता.

एका संध्याकाळी मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. ठकूबाई म्हसोबाच्या डोंगराकडून आली. सरपणाला म्हणून गेली होती. डोक्यावर चार काटक्या.

"एवढा वेळ गेली होतीस आणि एवढंसंच?" मी सहज विचारलं.

ती थबकली. चोरी पकडल्यासारखी नाही. सांगावं की नको याचा विचार करत असल्यासारखी. मग म्हणाली, "उद्या माज्यासंगं चला, मास्तरीणबाई. पर त्या डोक्यातल्या अबोल्या काढून या. आन् त्वांड मिटून बसाया जमंल का?"

शेवटचंच अवघड होतं, पण गेले. डोंगर म्हणायला डोंगर, खरं तर खडक आणि वाळकं गवत, मध्ये करवंदीच्या जाळ्या. अर्ध्या चढावर एक सपाट धोंडा होता. समोर लहानशी दरी आणि पलीकडच्या अंगाला खडकात एक घळ. वर चढण्याआधी तिनं लुगड्याच्या फडक्याची पट्टी फाडून माझ्या बांगड्या मनगटाला घट्ट बांधल्या. "किणकिण लई लांब जाती. माज्या हाताचा आवाज कवाच बंद झालाय, तुमचा बांदाया होवा." हे तिनं अगदी सहज म्हटलं. मग चिमूटभर माती उडवून तिनं वारा बघितला, धोंड्याला हात लावून नमस्कार केला. "जागा त्येंची हाय. आपन पावनं," असं म्हणाली आणि बसली.

त्या घटकेत मी काय काय बघितलं! आधी तित्तिरांची जोडी धावत गवतात शिरली. मग दरीच्या तळाशी एक ससा येऊन इतका निवांत बसला, की त्याला भीती नावाची गोष्ट ठाऊकच नसावी. पलीकडच्या धारेवर दोन चिंकारा उभ्या राहिल्या, शेपट्या सारख्या हलत होत्या. उजेड विझत गेला तसं एक खोकड, छोटंसं, झुपक्या शेपटीचं, आमच्या इतक्या जवळून गेलं की मी श्वास धरला. आणि ठकूबाईनं बोट वर केलं. घळीच्या तोंडाशी काहीतरी हललं.

तरस होतं. खरं सांगते, पहिल्यांदा माझी निराशा झाली. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, अंगावर काळे पट्टे, मानेवर विस्कटलेली आयाळ. सपाटीवरसुद्धा चढण चढत असल्यासारखं दिसणारं ध्यान. पण ती मादी होती, तिच्या मागून दोन पिल्लं लोळत बाहेर आली. एकानं आईचा कान धरला, दुसऱ्यानं पहिल्याची शेपटी. आईनं एकाला पंजानं बाजूला सारलं. ते उठून पुन्हा आलं. तिनं पुन्हा सारलं. ते पुन्हा आलं. तेवढ्यात गावात पहिला दिवा दिसला आणि ठकूबाई उठली.

उतरताना मी विचारलं, "रोज येतेस?"

"रोज."

"का गं?"

तिनं वाटेतली एक काटकी उचलली. मग म्हणाली, "दिसभर म्या हाकलती. पाखरू बसलं की हाकल, ढोर शिरलं की हाकल. येवड्या घटकंला तरी कुनाला हाकलू ने, नुसतं बगावं, असं वाटतं."

मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पुढे चाळीस वर्षं शिकवलं. निसर्ग म्हणजे काय हे मला याहून चांगलं कुणी सांगितलेलं नाही. माणसाला स्वतःची म्हणून दिवसात एक घटका हवी, जिच्यात तो कुणाच्या उपयोगी पडत नाही. पुरुषांना ती चावडीवर मिळते, पारावर मिळते, त्यांना ती मागावी लागत नाही. बाईनं ती घेतली की मात्र गावाच्या पोटात दुखतं.

दुखलंच. आधी ठकूबाईबरोबर मी एकटीच जायची. मग ओढ्यावर बायांनी विचारलं, आणि ठकूबाईनं "या" म्हटलं. शेजारची शेवंता आली, नुकतंच लग्न झालेली, हसू आलं की पदर तोंडात कोंबणारी. संक्रांत उलटेपर्यंत आम्ही नऊ जणी झालो. नऊ जणी बांगड्या बांधून, तोंड मिटून एका धोंड्यावर! ठकूबाईचा धाक असा, की शेवंतासुद्धा हसायची नाही. एकदा एकीला शिंक येत होती तर तिनं स्वतःचं नाक इतकं दाबलं की डोळ्यांतून पाणी आलं. परतताना मात्र सगळ्या एकदम बोलायला लागायच्या. सासूचा विषय नाही, सुनेचा नाही. ससा कसा बसला होता, पिल्लांतलं थोरलं आज कसं वागलं. मला त्या गप्पा अजून ऐकू येतात.

गावात शब्द चालायचा तो आबांचा. सगळ्यात मोठी शेती त्यांची, शाळेच्या कमिटीचे प्रमुखही तेच. माणूस दुष्ट नव्हता. शाळेला कौलं त्यांनीच घालून दिली होती. पण आपल्याला न विचारता गावात पान हललं तर त्याचीही त्यांना चौकशी करावीशी वाटायची. एक दिवस शाळेत आले.

"बाई, तुमी शिकल्यासवरल्याल्या. सांजच्या पारी लेकीसुना डोंगरात न्यायच्या, हे सोबतं का?"

"तिथं आम्ही नुसतं बघत बसतो, आबा."

"त्येच म्हंतोय म्या. बिनकामाचं बगायचं काय त्यात?"

मी म्हटलं, "तुम्ही पारावर बसून काय बघता?" वीस वर्षांच्या मास्तरणीनं कमिटीच्या प्रमुखाला असं विचारू नये, हे मला तेव्हाही कळत होतं. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि गेले.

पुढच्याच आठवड्यात धनगराच्या वाड्यातली तीन कोकरं गेली. तरसाचे माग दिसले म्हणाले. ठकूबाई म्हणाली गावातली मोकाट कुत्री असतील. तरसानं नेलीच नसतील असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, त्याला पिल्लं होती आणि पिल्लांना पोट असतं. पण आबांना तपास करायचाच नव्हता. चावडीवर ठरलं: घळीच्या तोंडाशी वाळलं गवत आणि मिरच्या पेटवायच्या, धूर आत सोडायचा, जनावर गुदमरून बाहेर आलं की कुत्री आणि काठ्या. वेळ ठरली दिवस मावळायच्या तासभर आधीची. तेव्हा तरस आत असतं, आणि बाया माळ्यावर असतात, म्हणजे शेताची काळजी नाही.

मी आबांना रस्त्यात गाठलं. "आबा, जनावर कोकरांसाठी मारताय की आमच्यासाठी?"

ते हसले. "येका दगडात दोन पाखरं, बाई. घळच न्हाई ऱ्हायली, तर बगाया जाल कुटं?"

हे मात्र त्यांनी सांगायला नको होतं. तोवर मला वाईट वाटत होतं. आता राग आला.

मध्येच एक सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, पार दूरच्या तालुक्यात. कारण माझ्याच हातचं होतं. घळीत धूर सोडायच्या दिवशी मी शाळा तासभर आधी सोडली आणि शाळेच्या लॉगबुकात स्वच्छ अक्षरात लिहिलं: "वन्यप्राणी निरीक्षणासाठी शाळा एक तास आधी सोडली." तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "बाई, ताप आला होता असं लिहिलं असतं तरी चाललं असतं." चाललं असतं. पण मला ताप आलेला नव्हता. बदलीचा कागद मी नीट घडी करून ट्रंकेत ठेवला. मिळालेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रांत मला तोच जास्त प्रिय आहे.

त्या गावाचं आता काय झालं, हे लोक मला हळहळत्या आवाजात विचारतात. मी हळहळत नाही. शेतांच्या जागी पत्र्याच्या शेड आहेत, डोंगराची एक बाजू खडीसाठी खाल्ली गेलीय, याचा संताप येतो आणि तो मी जिथं बोलायचा तिथं बोलतेही. पण "जुनं ते सोनं" हे रडगाणं मी गाणार नाही. गेल्या वर्षी माधवीच्या गाडीतून चाकणवरून येत होते. कंपनीची शिफ्ट सुटली होती. गळ्यात ओळखपत्र, पाठीला पिशवी, अशा पन्नासेक पोरी रस्त्यानं हसत चालल्या होत्या. दिवे कधीच लागून गेले होते आणि त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. मी काच खाली करून बघत राहिले. त्या जुन्या सुगीत असं काही दिसलं असतं, तर अरिष्ट आलं म्हणून गावानं वेशीवर नारळ फोडला असता.

तर, धूर सोडायच्या दिवशीची सकाळ, बाया माळ्यावर चढायच्या आधीची. ओढ्यावर आम्ही नऊ जणी जमलो. आबांचं सोडलं तर डोंगराखालची सगळी शेतं याच बायांच्या घरची. ठकूबाई घागर घासत होती. मान वर न करता म्हणाली, "ते म्हंत्यात, बाया बिनकामाच्या डोंगरात जात्यात. मंग आपलं काम थांबलं म्हंजी काय व्हतं, ते येक डाव बगू द्या की त्यास्नी."

बोलणं कळायला क्षणभर लागलं. मग शेवंताचा चेहरा उतरला. "माळा सोडायचा? दिवसाउजेडी? सासू मला उबी जाळंल."

"कुनावर जबरदस्ती न्हाई," ठकूबाई म्हणाली. "पर उतरायचं तर समद्यांनी येकदम. येकीचं जरी डबडं वाजत ऱ्हायलं तर कायबी उपेग न्हाई. आन् दानं जातील, हे ध्येनात ठिवा. आपलंच जातील."

हीच खरी मेख होती. भोरड्यांचा थवा तिन्हीसांजेच्या आधी रानात उतरतो, झोपायला जाण्यापूर्वी पोट भरून घेतो. तासभर राखण नसेल तर कणसाच्या कणसं पोकळ होतात. त्या शाळूची भाकरी वर्षभर याच बायांना थापायची होती, आणि कमी पडली तर सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या याच होत्या. मला काय, मी पगारी माणूस. मी गप्प बसले. बोलायचा अधिकार माझा नव्हता.

मग एक म्हातारी म्हणाली, "माजी सात पोरं झाली. येक बी कवा माज्याकडं बगाया बसलं न्हाई. ते पिल्लू तरी आईकडं बगतं. म्या येनार." तिच्यामागून एकेक जण हो म्हणत गेली. शेवंतानं सगळ्यांत शेवटी मान हलवली.

"आबाच्या कारभारनीला?" कुणीतरी विचारलं. आबांच्या बायकोचं नाव हौसाबाई. डोंगराच्या पायथ्याचं मोठं शेत त्यांचं, आणि आबांचा दुसऱ्या कुणावर विश्वास नसल्यानं त्याची राखण ती स्वतः करायची. लग्नाला तीस वर्षं झाली, तिचा आवाज गावात कुणी धड ऐकलेला नव्हता.

"तिला सांगू नगा," ठकूबाई म्हणाली. "ती आबाची सावली हाय. तिचं रान डोंगराआड, तितलं डबडं घळीपतूर ऐकू येत न्हाई."

ऊन कललं. शाळा सोडून, लॉगबुकात लिहून मी मागच्या वाटेनं धोंड्याकडे गेले. करवंदीच्या जाळीआडून एकेक जण आली. धापा टाकत, डोळे मोठे झालेले. नऊच्या नऊ. बांगड्या बांधल्या, बसलो. मला आठवतं, शेवंताचा हात माझ्या हातात होता.

समोरच्या अंगानं पुरुष चढून आले. पंधराएक असतील, काठ्या, कुत्री, गवताचे भारे. पुढे आबा, हातात मिरच्या खोचलेला पेंढा. आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. घळीच्या तोंडाशी गवत कोंबायला सुरुवात झाली. कुत्री भुंकायला लागली. आत ती तिघं होती. आमच्यापैकी कुणाच्या तरी तोंडून हुंदका फुटला, आणि ठकूबाईनं बघितल्यावर विरला.

मग एक पुरुष गवताचा भारा हातात धरूनच थांबला. कान दिले. "अरं, डबडी का वाजंनात?"

ज्या आवाजाकडे कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं, तो नव्हता म्हणून सगळ्यांना ऐकू आला. गोफण नाही, डबडं नाही, हाळी नाही. डोंगराखालचं सगळं शिवार गप्प. आणि पश्चिमेकडून तो थवा आला. मी तेवढा मोठा पुन्हा कधी बघितला नाही. गुलाबी काळा पट्टा आभाळात वाकला आणि शाळूवर उतरला. कुणी हाकललंच नाही. दुसरा थवा आला. तोही उतरला.

"बाया कुटं मेल्या?" म्हणून कुणीतरी ओरडलं, आणि तेवढ्यात एकाला आम्ही दिसलो. दरीच्या अलीकडे, धोंड्यावर, ओळीनं बसलेल्या. ठकूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, आवाज न चढवता, पण दरीत स्पष्ट घुमला तो: "आमी हितं बसल्याव. रान तुमचं, घळ बी तुमची. काय राखायचं ते ठरवा."

काय राखायचं हे ठरवायला त्यांना वेळ लागला नाही. आपापल्या शेतावर पाखरू बसलेलं दिसत असताना शेतकऱ्याचा पाय डोंगरावर ठरत नाही. भारे टाकून, शिव्या देत, ओरडत सगळे खाली पळाले. त्यांच्यामागे कुत्रीही पळाली.

राहिले एकटे आबा. घळीपाशी ताठ उभे. त्यांचं शेत डोंगराच्या कुशीआड होतं, तिथून त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी आमच्याकडे बघून मोठ्यानं सांगितलं, "जाऊ द्या समद्यांस्नी. म्या न्हाई हालनार. माज्या रानाला घरची राखन हाय." आणि काडी ओढली. पेंढा धुमसायला लागला. मिरचीचा खकाणा दरी ओलांडून आमच्यापर्यंत आला. ते वाकले.

माझ्या पाठीमागच्या करवंदीची जाळी हलली.

"अवो," असा हलका आवाज आला. मग जरा मोठा. "अवो, मी हितं हाय."

आम्ही नऊच्या नऊ वळलो. जाळीआडून हौसाबाई उठून उभी राहिली होती. हिरवं लुगडं, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. कधी आली, कुणाच्या मागून आली, कुणालाच कळलं नव्हतं. तिनं पदर मागे सारला. तिचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

आबा वाकलेले होते तसेच राहिले. "माळा?" एवढंच त्यांनी विचारलं.

"रिकामा हाय."

आबा किती वेळ तिच्याकडे बघत होते कुणास ठाऊक. शिवी नाही, धमकी नाही. मला वाटतं, तीस वर्षांत त्यांनी तिला एवढा वेळ बघितलं नसावं. मग त्यांनी धुमसता पेंढा पायाखाली घेतला आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत तुडवला. आपल्याच गवताला आग लागायला नको, एवढं भान शेतकऱ्याला असतं. घळीकडे न बघता ते उतरणीला लागले. आधी चालत, मग पळत.

हौसाबाई पुढे येऊन आमच्यामागे टेकली. धूर हळूहळू विरला. खाली पुरुषांचे घोगरे आवाज आणि बेताल वाजणारी डबडी ऐकू येत होती. त्यांना ते काम जमत नव्हतं. ऊन धारेवरून उतरलं, उजेड विझत चालला. ठकूबाईनं चिमूटभर माती उडवून वारा बघितला. घळीच्या अंधारात काहीतरी हललं.

शेवंतानं मागे वळून कुजबुजत विचारलं, "काकी, आता घरी गेल्यावं वो?"

"व्हईल ते व्हईल," हौसाबाई म्हणाली. "तू आदी डोस्कं खाली घे. मला दिसंना."